एकशे अकरा मतपरिवर्तनं

माणसाचं मत बदलणं ही जगातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. त्यासाठी धर्म स्थापन झाले, लढाया झाल्या, तुरुंग बांधले गेले, आणि तरीही बहुतेक माणसं जे मत घेऊन आली तेच घेऊन गेली. वाशीम जिल्ह्यात मी ही गोष्ट एका सकाळी साडेदहाच्या आत एकशे अकरा वेळा घडताना पाहिली. त्याचा लेखी पुरावा आहे. काळ्या पुठ्ठ्यात बांधलेला, वर सोनेरी अक्षरं ठोकलेला तो पुरावा आमच्या महाविद्यालयाच्या कपाटात आहे आणि कपाटाला कुलूप आहे.

मी तेव्हा सांख्यिकीत एम.एस्सी. करत होते. वर्गात आम्ही सात जण. शेवटच्या वर्षाला एक विषय होता, कॅटेगॉरिकल डेटा अॅनालिसिस. या विषयात उंची, वजन, पाऊस असं मोजता येणारं काही नसतं, नुसते रकाने असतात. हो किंवा नाही. बागायती किंवा कोरडवाहू. प्रत्येक माणूस कुठल्यातरी एका रकान्यात टाकायचा, रकान्यांतली डोकी मोजायची आणि मग गणिताला विचारायचं की ही विभागणी योगायोगाने झाली की तिच्यामागे काही कारण आहे. विषय सुंदर आहे. माणसांबद्दल फार कमी माहिती असताना फार बढाई न मारता काय बोलता येईल, एवढंच तो शिकवतो. आमच्या विभागात तो नेमका उलटा शिकवला जात असे.

शिकवणारे सर विभागप्रमुख होते. विभागात कायम नोकरीवर ते एकटेच असल्याने प्रमुख होणं त्यांना टाळता आलं नसतं. त्यांच्याकडे पिवळ्या पडलेल्या कागदांची एक वही होती. ती ते वाचत आणि आम्ही लिहून घेत असू. स्वल्पविरामसुद्धा ते उच्चारून सांगत. ग्रंथालयात या विषयाचं एक परदेशी पुस्तक होतं, पण ते सरांच्या टेबलामागच्या कपाटात असे. मुलांच्या हातात दिलं तर खराब होईल, असं सर म्हणत. सरांच्या हातात ते अजिबात खराब झालं नव्हतं. पानं एकमेकांना चिकटलेली होती. मी तेच पुस्तक मोबाइलवर मिळवलं आणि शिरपूर ते वाशीम या रोजच्या एसटीच्या प्रवासात, उभ्याने, एका हातात वरचा दांडा धरून वाचलं.

सरांची एक खास पद्धत होती. रकान्यात माणसं फार कमी असली तर कसोटी नीट चालत नाही. अशा वेळी शेजारचे दोन रकाने एकत्र करावेत, असं पुस्तकही म्हणतं, पण विचार करून. सर विचार न करता एकत्र करत. आदल्या वर्षीच्या मुलांनी एका पाहणीत पाच पर्याय ठेवले होते: पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. उत्तर हवं तसं येईना, म्हणून सरांनी 'सांगता येत नाही' वाल्यांना 'सहमत'मध्ये घातलं. तरी येईना, तेव्हा 'असहमत'लाही घातलं. शेवटी एका बाजूला 'पूर्ण असहमत' असलेली चार माणसं उरली आणि दुसऱ्या बाजूला जग. तो प्रोजेक्ट विद्यापीठ स्तरावर पोस्टर म्हणून लागला होता.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण मला पंचावन्न टक्के हवे होते. प्राध्यापक व्हायचं तर पात्रता परीक्षा द्यावी लागते, आणि तिला बसायला एम.एस्सी.ला पंचावन्न टक्के लागतात. चौपन्न पूर्णांक नऊ असले तर तुम्ही त्या दारातून आत जाऊ शकत नाही. दुसऱ्या सेमिस्टरला टायफॉइडमध्ये दिलेल्या दोन पेपरांनी माझी टक्केवारी खाल्ली होती. मी पुन्हा पुन्हा आकडेमोड केली. शेवटचे पेपर नेहमीसारखे गेले, तर प्रोजेक्टला शंभरपैकी निदान सत्तर पडायला हवे होते. सत्तरच्या खाली गेले की संपलं. वडिलांचं शिरपूरला किराणा दुकान आहे. त्यांनी आवाज न चढवता सांगून ठेवलं होतं, "पंचावन्न झाले तं पुढं शीक. नाही झाले तं दुकानात बस. इथं बी मोजमापच हाय."

प्रोजेक्टचे गुण सर आणि बाहेरून येणारे परीक्षक मिळून देणार होते.

त्या वर्षी संस्थेला ग्रामीण विस्तारकार्य दाखवायचं होतं. म्हणून आमच्याच शिरपूरला, बसस्टँडजवळच्या मंगल कार्यालयात, शेतकऱ्यांसाठी माती परीक्षणाची एक दिवसाची कार्यशाळा ठरली. तिच्यातून विद्यार्थ्यांचे प्रोजेक्टही निघतील, असं सर म्हणाले. कार्यशाळेपूर्वी शेतकऱ्यांना सात प्रश्न विचारायचे, नंतर तेच सात पुन्हा विचारायचे, उत्तर हो किंवा नाही. सात प्रश्न, सात विद्यार्थी, सात प्रोजेक्ट. माझ्या वाट्याला तिसरा प्रश्न आला: पेरणीपूर्वी मातीची तपासणी करणं आवश्यक आहे, असं तुम्हाला वाटतं का?

अशा जोडीच्या उत्तरांसाठी एक वेगळी कसोटी आहे. आधी आणि नंतर ज्यांचं उत्तर एकच राहिलं त्यांच्याकडे ती बघतही नाही. ती फक्त बदललेल्यांना मोजते: किती जण 'नाही'वरून 'हो'वर आले आणि किती 'हो'वरून 'नाही'वर गेले. दोन्ही सारखे असतील तर कार्यशाळेने काही केलं नाही. पहिले फार जास्त असतील तर केलं. साधी आणि प्रामाणिक कसोटी आहे. तिला फक्त एवढंच लागतं की 'आधी' हे आधी असावं आणि 'नंतर' हे नंतर.

तिथेच आमची गाडी अडली. पूर्वी एका कार्यशाळेत सरांनी नंतरचे फॉर्म खरोखरच नंतर भरून घ्यायचा प्रयत्न केला होता. जेवण झाल्यावर मंडपात सर, दोन शिपाई आणि माइकवाला एवढेच उरले होते. त्यावरून ते शहाणे झाले होते. या वेळी त्यांनी एकाच कागदावर दोन्ही बाजूंना तेच प्रश्न छापले. पुढे 'कार्यशाळेपूर्वी', मागे 'कार्यशाळेनंतर'. आणि हुकूम दिला की दोन्ही बाजू भरलेला फॉर्म नोंदणीच्या टेबलावर घ्यायचा, तो घेतल्यावरच जेवणाचं कूपन द्यायचं.

टेबलावर मी होते आणि माझा एक वर्गमित्र. तो रिसोडकडचा शेतकऱ्याचा मुलगा, वर्गातला सर्वांत हुशार आणि सर्वांत कमी हजेरीचा. रांगेतल्या पहिल्या काकांनी कागद उलटापालटा केला.

"मांगच्या बाजूले बी तेच सवाल हायेत ना वं?"

"हो काका. पुढची बाजू कार्यशाळेच्या आधीची, मागची नंतरची."

"मंग नंतरची आताच काहून भरून घेऊन राह्यले?"

वर्गमित्र पुढे झाला. "काका, जेवल्यावर तुमी थांबसान का?"

"नाही थांबत."

"म्हणून."

काकांना हे पटलं. त्यांनी क्षणभर विचार केला, पुढच्या बाजूला सातही ठिकाणी 'नाही'वर खुणा केल्या, मागच्या बाजूला सातही ठिकाणी 'हो'वर. त्यांच्या मागचा माणूस वाकून बघत होता.

"अबे, तुले तं माती तपासनं माहीत हाय. मांगच्या साली तूच पुडी भरून नेली होती ना?"

"माहीत हाय म्हणून लिहिलं तं जेवू कायले घालतीन? शिकवाले बलावलं हाय आपल्याले."

रांग थोडी हलली. मग तो तर्क मागे मागे जाताना मला स्पष्ट दिसला. एकाने दुसऱ्याला कागद दाखवला, दुसऱ्याने तिसऱ्याला. पुढे नाही, मांगे हो. काही जणांनी दोन्हीकडे 'हो' लिहिलं, बहुधा त्यांना चष्मा नव्हता. पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात लिहिलं आहे की एकाचं उत्तर दुसऱ्यावर अवलंबून नसावं. त्या रांगेतली सगळी उत्तरं मिळून एका माणसाची होती आणि तो माणूस वरण-बट्टीच्या वासाकडे तोंड करून उभा होता.

साडेदहाला सर आले. गठ्ठा चाळला. "डेटा सुंदर आलाय," म्हणाले.

कार्यशाळा त्यानंतर सुरू झाली. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय. संस्थेचे अध्यक्ष उद्घाटनपर दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि सव्वा तास बोलले. स्वतःचं बालपण, संस्थेची स्थापना, नव्या इमारतीचा दुसरा मजला. मातीचा विषय शेवटी आला. माती ही आपली माय आहे, ते म्हणाले, मायवर कधी शंका घेऊ नये, माय लेकराला कमी पडू देत नाही. टाळ्या झाल्या. मंचावर माती परीक्षणाचे तज्ज्ञ बसले होते. त्यांच्या मांडीवर मातीची प्लॅस्टिकची पिशवी होती, नमुना कसा घ्यायचा ते दाखवायला आणलेली. त्यांना श्रीफळ मिळालं. मग सूत्रसंचालकांनी वेळेअभावी तज्ज्ञांचं मार्गदर्शन पुढील कार्यक्रमात ठेवल्याचं जाहीर केलं आणि पंगत बसली. तज्ज्ञ एका हातात नारळ आणि एका हातात माती घेऊन जेवायला कुठे बसावं ते शोधत होते.

महिनाभराने मी तक्ता मांडला. तिसऱ्या प्रश्नाला 'नाही'वरून 'हो'वर आलेले एकशे अकरा. 'हो'वरून 'नाही'वर गेलेला एक.

सरांनी त्या एकावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"तसं उत्तर आहे, सर."

"चूक आहे. बाकी सहा प्रश्नांना दोन्हीकडे हो, आणि तुझ्याच प्रश्नाला हो नंतर नाही? घाईत खूण चुकली. फॉर्मवर गाव असेल, जा, दुरुस्त करून आण."

मी म्हटलं, एकाने काही फरक पडत नाही, एकशे अकरासमोर एक असला तरी कसोटी तेच सांगते. सर म्हणाले, "शून्य असलं की कोणी विचारत नाही. एक असला की विचारतात." सांख्यिकीबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकमेव सखोल विधान.

पोहरादेवीला यात्रेची गर्दी असली की आमच्याकडच्या निम्म्या बसगाड्या तिकडे जातात. त्या दिवशी तसंच होतं, म्हणून फॉर्मवरच्या गावी वर्गमित्राच्या मोटरसायकलवरून गेलो. मी शिरपूरच्या बाहेर फाट्यावर त्याच्या मागे बसले, दुकानातून दिसू नये म्हणून. शेतकरी गोठ्यात होता. पन्नाशीचा, बारीक, बोलताना समोरच्याकडे न बघणारा. फॉर्म दाखवल्यावर त्याने तो लांब धरून वाचला.

"मीच भरला. काय झालं?"

"काका, तिसऱ्या प्रश्नाला पुढे हो आहे आणि मागे नाही. चुकून झालं का?"

"चुकून कायले होईन? आलो तं सभा सुरू झाली होती. टेबलावर कोनी नव्हतं. कागद घेऊन बसलो. पुढची बाजू भरली. मागं लिहिलं होतं कार्यशाळेनंतर, म्हणून ते नंतर भरलं."

वर्गमित्र माझ्याकडे बघायला लागला.

"पण काका, नाही काहून?" त्याने विचारलं. "तुमी तं माती तपासता ना?"

"दोनदा तपासली. घरात कागद हायेत. पन त्या दिवशी तुमच्या अध्यक्षसायबानं सांगतलं, माती माय हाय, मायवर शंका घेऊ नये. सव्वा तास आयकलं मी. शिकाले गेलो होतो, जे शिकवलं ते लिहिलं."

तो हसत होता की नाही, मला आजही सांगता येत नाही.

"मग आता बदलू का? हो करू?" मी पेन काढलं. याची मला पुढे बराच काळ लाज वाटली.

"राहू दे ना वं. लिहिलं ते लिहिलं. उद्या तुमच्या सायबाले पटलं नाही तं मी पुन्हा कागद भरत बसू का?" आणि तो म्हशीकडे वळला.

परत येताना वर्गमित्र म्हणाला, "तुले समजलं का? एवढ्या लोकांत कार्यशाळा झाली ती याची एकट्याचीच."

"समजलं."

"मंग काय करशीन?"

"सत्तर पाहिजेत मला."

"मले पास पाहिजे फक्त," तो म्हणाला. "तू आपलं पाहून घे."

मी तो एक तसाच ठेवला. धैर्य वगैरे काही नव्हतं. पेन काढलं तेव्हाच ते सिद्ध झालं होतं. फक्त सर तक्ता पुन्हा बघणार नाहीत, हे मला माहीत होतं. त्यांनी बांधणीचा रंग पाहिला, सोनेरी अक्षरांतलं स्वतःचं नाव पाहिलं आणि आभाराची दोन पानं शब्दन् शब्द वाचली. अध्यक्षांचं नाव सर्वांत वर आहे ना, मग सचिव, मग प्राचार्य, मग ते स्वतः. आईवडील पाचव्या क्रमांकावर होते. फॉर्म भरणारे आभारात नव्हते. सरांनी सही केली. तक्त्याचं पान त्यांनी उलटलंही नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले ते साठीजवळचे, खादीचा सदरा, जुनी बॅग. पहिल्या तिघांचे प्रोजेक्ट त्यांनी न उघडता बाजूला ठेवले. माझा उघडला, कारण त्यांना टेकवून लिहायला काहीतरी हवं होतं. पान नेमकं तक्त्याचं निघालं.

"हा एक कोण?"

"शेतकरी आहेत, सर."

"आणि हे एकशे अकरा?"

"तेही शेतकरीच."

"मग याच्या एकट्याचंच उलट कसं?"

"त्यांनी मागची बाजू कार्यशाळेनंतर भरली."

परीक्षकांनी चष्मा काढला. "आणि बाकीच्यांनी?"

खोटं बोलायला मला दोन-तीन सेकंद मिळाले होते. त्यात मला सत्तर आठवले, दुकान आठवलं, पण वापरण्याजोगं एकही वाक्य आठवलं नाही. "आधी," मी म्हटलं. "जेवणाचं कूपन देताना."

सर खाकरले. "तिला म्हणायचंय, फील्डवर्कच्या काही मर्यादा असतात..."

"तिला काय म्हणायचंय ते मला कळलं." परीक्षकांनी चष्मा पुन्हा लावला आणि तक्त्याकडे बघत राहिले. "म्हणजे या पूर्ण ग्रंथात निरीक्षण एकच आहे."

"हो, सर."

"आणि त्या एकावर कार्यशाळेचा शंभर टक्के परिणाम झाला."

"हो, सर. उलट्या दिशेने."

"त्या दिवशी बोललं कोण होतं?"

त्यांच्या डोक्यावर, भिंतीला, अध्यक्षांचा हार घातलेला फोटो होता. अध्यक्ष हयात आहेत, हार वाढदिवसाचा होता. मी फोटोकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. परीक्षक मान वळवून वर बघू लागले, एवढ्यात सर उठून उभे राहिले.

"साहेब, आलूबोंडे आलेत. गरम आहेत तोवर घेऊ."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, कौतुकानेही नव्हे. बसस्टँडवर चुकीच्या फलाटावर उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघतात तसं. "या तुम्ही," म्हणाले.

मी बाहेर आले. सरांनी नंतर मला बोलावून घेतलं नाही, रागावलेही नाहीत. विभागात समोरून आले की कुठल्यातरी सूचनाफलकाकडे बघत. मी मनात गुण लावत राहिले. परीक्षक सज्जन असले तर साठ, सर सूडबुद्धीचे असले तर पन्नास. सत्तर कुठूनही येत नव्हते. पेपर नेहमीसारखे गेले. मे महिनाभर मी दुकानात बसले, वडिलांनी डाळींचे डबे कुठे असतात ते मला सावकाश, एकेक करून दाखवलं. मी समजून घेतलं. माझ्या मते निकाल लागून गेला होता.

जूनमध्ये गुणपत्रिका आली. प्रोजेक्टला अठ्ठ्याहत्तर, एकूण पंचावन्न पूर्णांक दोन. मी ती दोनदा वाचली. मग खरं बोलण्याचं काहीतरी मोल असतं, परीक्षकांनी ते ओळखलं, सरांसमोर ठामपणे मांडलं असेल, असं माझ्या मनात आलं. ते दुपारपर्यंत टिकलं. दुपारी मी बाकीच्यांना फोन करून त्यांचे गुण विचारले. सातही जणांना अठ्ठ्याहत्तर होते. माझा वर्गमित्र त्या दिवशी तोंडी परीक्षेला आलाच नव्हता. त्याच्या घरी शेतातली हळद उकडायची होती.